पाकिटातले बी आणि मडक्यातले बी



रोहिण्या निघाल्या की आमच्या खात्याच्या माणसाला घरी बसवत नाही. बियाण्याच्या दुकानांची तपासणी असते, गावोगाव सभा असतात आणि जेवायची वेळ ज्या गावात गाठेल त्या गावात भाकरी मिळते. अशाच एका संध्याकाळी यवतमाळकडच्या एका गावात एका ओळखीच्या घरी थांबलो होतो. सभा आटोपली होती. अंगणात बाज टाकली होती. घरची आजी उंबऱ्याशी बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, पण कान तिखट. शेजारच्या एक बाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या लोकांच्या शेतात निंदण-वेचणीला जातात.

चहा झाला तसा घरचा नातू आत गेला आणि एक पाकीट आणून त्याने माझ्यापुढे ठेवले. झकपक रंगाचे पाकीट, वर कपाशीच्या फुटलेल्या बोंडाचे चित्र. मी ते उलटून-पालटून पाहिले. कंपनीचा पत्ता नाही, लॉट नंबर नाही, उगवणशक्ती किती ते नाही, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे तेही नाही.

"साहेब, एक जण मोटारसायकलवर येऊन देऊन गेला. म्हणे, याच्यावर तणनाशक मारा, तण जळते अन् पऱ्हाटी जशीच्या तशी राहते. निंदणाचा खर्चच नाही. पाच पाकिटं सांगून ठेवली. घ्यावं का नाही?"

मी उत्तर देण्याआधी आजीच बोलल्या, "मले एक सांगा साहेब, एवढ्याशा पुडीचे एवढे पैसे कायचे घेते हे लोक? आमच्या वक्ताले सरकी घरचीच होती. शेनात घोळली, वाळवली अन् पेरली."

प्रश्न दोन होते, पण त्यांचे मूळ एकच. त्या रात्री अंगणात जे बोललो तेच आज या पानावर मांडतो. कारण तो प्रश्न त्या एका घरचा नाही. महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कपाशी उभी राहते आणि तिच्यातली बहुतेक पावसाच्याच भरवशावर असते. तेवढ्या सगळ्या घरांचा हा प्रश्न आहे.

बी घरातून दुकानात कसे गेले

आजींच्या तरुणपणी आपल्याकडे देशी कपाशी होती. धागा आखूड, बोंड लहान, पण पाऊस लांबला तरी तग धरणारी. तिची सरकी पुढच्या वर्षी पेरली तरी पीक तसेच यायचे. पुढे १९७० साली गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस काढला. व्यापारी लागवडीसाठी काढलेला जगातला तो पहिला संकरित कापूस. त्याचे उत्पन्न पाहून लोक हरखले आणि त्यात वावगे काही नव्हते. आमच्या राज्यातल्या कृषी विद्यापीठांनीही मग चांगले संकरित वाण दिले. नांदेडच्या केंद्राचा एन. एच. एच. ४४ किती वर्षे किती घरांना पुरला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९७६ साली अकोल्यात महाबीज उभे राहिले, ते शेतकऱ्याला खात्रीचे बियाणे वाजवी भावात मिळावे म्हणूनच.

पण संकरित बियाण्याची एक गोष्ट तेव्हा आपण नीट ध्यानात घेतली नाही. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत जोम येतो. त्या पिकाची सरकी पुन्हा पेरली की गुण फाटतात. एक झाड उंच, एक ठेंगणे, एकाला बोंडे लवकर, एकाला उशिरा. म्हणजे बी दरवर्षी विकत घेणे आले. ज्या दिवशी हे झाले त्या दिवशी कणगीतले बी दुकानात गेले. पाकिटावर कंपनीचे नाव आले ते नंतर.

अळी आली आणि तिच्यामागून पाकीट आले

१९९० नंतरची वर्षे कपाशीवाल्यांना कठीण गेली. हिरवी बोंडअळी, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, ती कुठल्याच औषधाला दाद देईना. एका हंगामात दहा-दहा, पंधरा-पंधरा फवारे मारूनही बोंड रिकामेच. कर्ज डोक्यावर आणि घरात औषधाचे रिकामे डबे. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. त्या वर्षांत कितीतरी घरांत कर्ता माणूस गेला. ती घरे मी पाहिली आहेत. त्याविषयी याहून जास्त लिहवत नाही.

अशा वेळी बीटी कपाशी आली. बीटी म्हणजे काय? जमिनीत एक सूक्ष्म जिवाणू असतो. तो तयार करतो ते प्रथिन काही अळ्यांच्या पोटात गेले की अळी मरते. त्या जिवाणूतला तो गुण कपाशीच्या झाडात घातला. झाडाचे पान किंवा बोंड अळीने खाल्ले की अळी मेली. अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीचे हे तंत्र जालन्याच्या महिको कंपनीबरोबर भारतात आले आणि मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने तीन वाणांना परवानगी दिली.

आता त्याच्या आधीचा एक किस्सा ऐका. २००१ साली गुजरातेत एका वाणाच्या शेतात अळीच दिसेना. चौकशीत निघाले की ते बीटी बियाणे आहे आणि त्याला परवानगीच नाही. सरकारने पीक जाळण्याचा हुकूम काढला. पण तोवर ते गावोगाव पसरले होते आणि लोक ते सोडायला तयार नव्हते. म्हणजे या देशात बीटी कपाशी आली ती पुढच्या दाराने येण्याआधी मागच्या दाराने. आजच्या त्या नाव नसलेल्या पाकिटाची वाट तेव्हाच पडलेली आहे.

बीटीने फायदा झाला नाही असे मी म्हणणार नाही. खोटे बोलून शेती होत नाही. पहिली काही वर्षे हिरवी बोंडअळी हटली आणि फवारे कमी झाले. देशाचे कापूस उत्पादन २००२-०३ मध्ये सुमारे १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ मध्ये सुमारे ३९८ लाख गाठींवर गेले. त्यात गुजरातेतल्या पाण्याचा आणि वाढलेल्या पेऱ्याचाही वाटा आहे, पण बीटीचा वाटा नाकारता येत नाही. सभांतून बीटीची शिफारस करणाऱ्यांत मीही होतो.

पाकिटाची किंमत कोण ठरवतो

आजींचा प्रश्न मात्र खरा होता. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या एका पाकिटाला सोळाशे रुपयांच्या आसपास पडायचे. त्यातला मोठा भाग बियाण्याचा नव्हताच, तर त्यातल्या तंत्राचा मोबदला म्हणून जायचा. विहिरीवरचे इंजिन एकदा घेतले की ते आपले होते. या तंत्राचे तसे नाही. त्याचे भाडे दर हंगामाला, दर पाकिटामागे. पाऊस पडो न पडो, ते पेरणीआधीच देऊन मोकळे व्हायचे.

ही किंमत खाली कशी आली? कंपनीला दया आली म्हणून नव्हे. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने केंद्राच्या मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने तक्रारीची दखल घेतली आणि पाकिटाची किंमत ७५० रुपयांपर्यंत उतरली. दुसऱ्या राज्यांनीही तोच कित्ता गिरवला आणि महाराष्ट्राने २००९ साली कपाशी बियाण्याच्या किमतीसाठी कायदाच केला. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी किंमत ठरवण्याचा आदेश काढला. २०१६ च्या हंगामाला दोन जनुकांच्या बीटीचे पाकीट ८०० रुपये ठरले आणि त्यात तंत्राचा मोबदला ४९ रुपये. तो पुढे ३९ वर आला, मग २० वर आणि २०२० साली शून्यावर. २०२४ च्या हंगामाला ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८६४ रुपये होती.

बंधूंनो, आपण म्हणतो, राजकारणाशी आपल्याला काय करायचे आहे? राजकारण म्हणजे निवडणुकीतला गुलाल एवढेच आपल्याला दिसते. पण सोळाशेचे साडेसातशे झाले तेही राजकारणच होते. कुणीतरी बोलले, कुणीतरी सरकारला हलवले, सरकारने कायद्याचे बोट धरले. पहिली चार वर्षे आपण गप्प राहिलो आणि चार वर्षे पैसे मोजले.

दुसरी बाजूही सांगतो. किमतीवर आणि मोबदल्यावर बंधन आले, तेव्हा २०१६ साली मोन्सँटोची भागीदार असलेल्या महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या कपाशीच्या परवानगीसाठी केलेला अर्ज मागे घेतला. सरकार म्हणते आमचा नियम, कंपनी म्हणते आमची अट, आणि मधल्या फटीतून चोरटे बियाणे शिरले. पुढे २०१८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सँटोच विकत घेतली. बियाणे विकणारा आणि औषध विकणारा एकाच छताखाली आले. सरकार आणि कंपनी यांच्या रस्सीखेचीत दोर मात्र आपल्या अंगणातून जातो.

जी चूक माझीही होती

आता जे सांगतो ते जरा कमीपणा घेऊन सांगतो.

बीटीच्या प्रत्येक मोठ्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक लहान पुडी यायची. ती साध्या, म्हणजे बीटी नसलेल्या कपाशीची. नियम असा की शेताच्या चारी बाजूंनी तिच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांत जे जास्त असेल तेवढे साधे बियाणे लावायचे. कारण असे. सगळ्या शेतात बीटीच असली की तिचे विष पचवणारी एखादी अळी वाचते, आणि तशाच दुसऱ्या अळीशी तिचा जोड जमला की पुढची सगळी पिढी विष पचवणारी निघते. कडेला साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढल्या, तर त्यांच्याशी जोड जमतो आणि पचवणारी जात लवकर फोफावत नाही.

ही गोष्ट मी सभेत सांगायचो, नाही असे नाही. पण शेवटी सांगायचो. तोवर लोक चहाला उठलेले असायचे. तीन एकरांच्या धन्याला पाच ओळी अळीला सोडायला सांगणे मलाही जड जायचे. कित्येक घरांत त्या पुड्या वळचणीला तशाच खोचलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आणि काही बोललो नाही. कंपनीने पुडी दिली आणि हात झटकले. खात्याने परिपत्रक काढले आणि हात झटकले. मी सभेच्या वहीत सह्या घेतल्या आणि हात झटकले.

त्यात आपल्याकडे आणखी एक मेख होती. चीन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बीटीचा गुण मुख्यतः सरळ वाणांत आहे. आपल्याकडे तो जवळजवळ सगळा संकरित वाणांत आला, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकता येते. आता संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. काहींत विष असते, काहींत नसते. गुलाबी बोंडअळी, जिला शेंदरी बोंडअळीही म्हणतात, ती बोंडाच्या आत शिरून सरकीच खाते. तिला एकाच बोंडात विषाची आणि बिनविषाची सरकी मिळाली. थोडे थोडे विष चाखत ती ते पचवायला शिकली. वर हे संकरित वाण लांब मुदतीचे आणि आपण फरदड घेऊन ते मार्चपर्यंत उभे ठेवलेले. अळीला वर्षभर घर मिळाले.

पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे गुजरातेत २०१० साली उघड झाले. दोन जनुकांची बीटीही पुढच्या चार-पाच वर्षांत तिच्यापुढे हरली. २०१७ साली आपल्या राज्यात काय झाले ते तुम्हाला आठवत असेल. वरून बोंडे हिरवीगार आणि फोडले की आत किडका कापूस. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली आणि २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेले पीक, दमट हवा, दोन-तीन औषधांची एकत्र मिसळ, जोराचे पंप आणि तोंडाला साधे फडकेही नाही. औषधाचे फवारे कमी करण्यासाठी जे बियाणे आले, त्याच पिकावर माणसे फवारताना मेली. फवारणारे पुष्कळ जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेले होते.

बी जपल्याबद्दल दावा

शेजारच्या गुजरातेत आणखी एक प्रकरण घडले, तेही प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असावे. २०१९ साली पेप्सिको कंपनीने तिथल्या बटाटा पिकवणाऱ्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले. वेफर्ससाठी लागणारा एक बटाट्याचा वाण कंपनीच्या नावे नोंदलेला होता. तो परवानगीशिवाय लावला म्हणून चार शेतकऱ्यांकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची मागणी झाली. तीन-चार एकरांचा बटाटेवाला आणि एक कोटी! देशभरातल्या शेतकरी संघटना उठल्या, निवडणुकीचे दिवस होते, आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद मात्र चालूच राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये वाण संरक्षण प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्या देशात २००१ चा एक कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, दुसऱ्याशी अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. मग तो वाण कुणाच्या नावे नोंदलेला का असेना. अट एकच. दुसऱ्याच्या वाणाचे बी छापील नावाच्या पाकिटात घालून विकायचे नाही. आजी आपल्या लेकीला जाताना मडक्यातली तूर बांधून देतात, तो या देशात कायद्याने दिलेला हक्क आहे. पण हक्क वापरला नाही की तो वळचणीच्या पुडीसारखा पडून राहतो.

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या, अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावठी भाज्या, वाल, भात यांचे बी जमवले, जपले आणि वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्ही शिकलेली माणसे पाकिटावरची अक्षरे वाचत राहिलो आणि एका बाईने मडक्यातले बी वाचवले.

त्या पाकिटाचे काय करायचे

हे सगळे सांगून झाल्यावर नातू म्हणाला, "साहेब, हे सारं बरोबर आहे. पण निंदणाले बाया भेटत नाहीत अन् भेटल्या तर मजुरी परवडत नाही. पाऊस लागला की आठ दिवसांत तण गुडघ्याला येते. मग मी काय करू?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी हेच बियाणे उघडपणे पेरून आंदोलन केले, ते याच अडचणीपोटी. पण मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली. या बियाण्याला हे लिहीपर्यंत सरकारची परवानगी नाही, म्हणून त्याला पावती नाही. मागच्या साली याच गावातला एक जण असेच रिकामे पाकीट घेऊन माझ्याकडे आला होता. चार एकरांत निम्मेही उगवले नव्हते. पंचनामा कशावर करू? पाकिटावर नाव नाही, हातात पावती नाही, मोटारसायकलवाल्याचा फोन बंद. तो माणूस माझ्या टेबलासमोर अर्धा तास बसून उठून गेला. मला काहीच करता आले नाही.

दुसरी. तणनाशक पऱ्हाटीला सोडते, तुरीला सोडत नाही. कपाशीत आपण तुरीचे तास धरतो, मुगा-उडदाच्या ओळी घालतो. तो फवारा मारला की तेही जळाले. म्हणजे निंदणाचा पैसा वाचला आणि घरची डाळ दुकानातून आणायची वेळ आली.

तिसरी. तण मारायचा गुण म्हणजे अळी मारायचा गुण नव्हे. त्या चोरट्या पाकिटात अळीविरुद्धचे काय आहे, किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

खांबाला टेकलेल्या बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तन जाळाचं औषध आलं त आमी पावसाळाभर काय खावं, साहेब?"

अंगणात कुणीच काही बोलले नाही. या प्रश्नाला माझ्या पदवीत उत्तर नव्हते. धन्याला जो खर्च, ती त्यांची चूल. नवीन तंत्र आले की ते किती उत्पन्न देईल एवढेच आम्ही मोजतो. कुणाच्या हातचे काम जाईल, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेले नसते. मी एवढेच म्हणालो की वेळेवर दोन डवरण्या झाल्या तर निंदण निम्मे होते आणि मजुरी दोन्हीकडच्यांना झेपते. उत्तर अपुरे आहे, हे मलाही कळत होते.

हंगामाआधी एवढे करा

उपदेश फार झाला. आता कामाचे सांगतो. हा भाग घरातल्या लिहित्या मुलीकडून वहीत उतरवून घ्या.

एक : बियाणे परवानाधारक दुकानातूनच घ्या. पक्की पावती घ्या आणि तिच्यावर वाण, लॉट नंबर, किंमत लिहून घ्या. छापील किमतीहून एक रुपयाही जास्त देऊ नका. "हे खत घेतले तरच ते बियाणे" असे दुकानदार म्हणाला तर तालुका कृषी अधिकाऱ्याला कळवा.

दोन : पाकीट वरून न फोडता खालून फोडा, म्हणजे खूणचिठ्ठी शाबूत राहते. रिकामे पाकीट, पावती आणि मूठभर बी पीक घरी येईपर्यंत जपून ठेवा.

तीन : बी उगवले नाही तर मोडून दुसरे पेरण्याआधी लेखी तक्रार करा. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते. त्या अहवालाची प्रत मागून घ्या. शेतकरी हाही ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे. २०१९ च्या नव्या कायद्याने तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार नोंदवता येते.

चार : कपाशी मे महिन्यात धूळपेर करू नका. हंगामाआधीचे पीक म्हणजे गुलाबी बोंडअळीला आयते घर. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा फुले गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, म्हणजे डोमकळ्या, दिसल्या तरच औषधाचा विचार करा. पीक डिसेंबरअखेर संपवा. फरदड घेऊ नका. पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर वर्षभर ठेवू नका.

पाच : सोयाबीनचे बी घरचे ठेवा. ते सरळ वाण आहे. एकदा प्रमाणित बियाणे घेतले की तीन वर्षे घरचे चालते. २०२० साली विकतचे सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर ओरड झाली, तेव्हा ज्यांच्या घरी बी होते ते निश्चिंत होते. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून पोती उंचावरून आपटू नका आणि थप्पी फार उंच लावू नका. पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी तीस किलो बी पुरते. कमी निघाले तर त्या मानाने बी वाढवा, साठाच्या खाली गेले तर ते पेरू नका.

सहा : ग्रामसभेत बियाण्याचा विषय मांडा. कुणाकडे कोणते घरचे बी आहे याची यादी करा. या यादीसाठी बायकांना विचारा. पुरुषांना बियाण्याचा भाव पाठ असतो, बी कुठल्या मडक्यात आहे हे बायकांना माहीत असते.

नवे तंत्र वाईट असते असे मी या वयात म्हणणार नाही. मी शिकलो तेच मुळी तंत्र. पण दारात येणाऱ्या प्रत्येक पाकिटाला चार प्रश्न विचारा. हे कुणाचे आहे? पुढच्या वर्षी मला ते पुन्हा विकत घ्यावे लागेल का? बिघडले तर मी कुणाच्या दारात जाऊ? आणि माझ्या शेतातून ते कुणाची भाकर काढून घेईल? हे प्रश्न मी २००२ साली विचारले नाहीत. तुम्ही विचारा.

त्या रात्री निघताना नातवाने पाकीट पुन्हा हातात घेतले. "पाच सांगून ठेवली आहेत, नाही म्हटलं तर तो उधारीचा माणूस रागावतो," असे तो म्हणाला आणि मग, "बघतो," म्हणाला. घेणार की नाही, ते त्याने सांगितले नाही आणि मीही पुन्हा विचारले नाही. आजी आत गेल्या होत्या. त्या राखेत घोळलेल्या तुरीची एक पुरचुंडी घेऊन आल्या. त्यांनी ती मला दिली नाही. खांबाजवळच्या बाईंच्या पदरात घातली आणि म्हणाल्या, "तुया परसात लाव. दानं आले की माया मडक्यात मूठभर परत आनून टाकजो."

पेरणीला आता थोडेच दिवस उरले आहेत. पाऊस चांगला होवो.